मनाची काळजी कशी घ्यावी: साध्या दिवसांत आणि संकटात, कोणासाठी काय

मानसिक स्वास्थ्याबद्दलचे बहुतेक सल्ले 'कोणासाठी?' हा प्रश्न न विचारताच दिले जातात. 'मन मोकळे करा', 'चांगला विचार करा', 'एखादा छंद लावून घ्या' ही वाक्ये परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला, जोडीदार गमावलेल्या वृद्धाला आणि पुरातून जीव वाचवून बाहेर पडलेल्या माणसाला सारखीच ऐकवली जातात आणि त्यांपैकी कोणाच्याच ती फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणून या लेखात उपायांची यादी देण्याआधी एक क्रम सांगतो. समोरचा माणूस आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी पाहावे, मग त्याचे दिवस साधे आहेत की संकटाचे हे ठरवावे आणि त्यानंतरच काय करायचे ते निवडावे. स्वतःसाठी, घरातल्यांसाठी किंवा सहकाऱ्यांसाठी, कोणासाठीही हे करायचे असले तरी क्रम तोच ठेवावा.

नेमके काय सांभाळायचे आहे

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यातल्या व्याख्येनुसार आरोग्य म्हणजे केवळ रोग किंवा दुर्बलता नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्टीने पूर्ण सुस्थिती असणे. या व्याख्येतला 'सामाजिक' हा शब्द आपण सहसा वाचून पुढे जातो. माझ्या मते तोच सर्वांत कामाचा आहे, कारण मनाची अवस्था केवळ डोक्यात घडत नाही. घर, काम, उत्पन्न, शेजार आणि नाती यांच्या आधारावर ती उभी असते.

मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ साली मानसिक सुस्थितीचे सहा पैलू मांडले: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याची नाती, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणे, भोवतालच्या परिस्थितीवर पकड असणे, जगण्याला उद्देश असणे आणि आपली वाढ होत आहे अशी जाणीव असणे. या सहा पैलूंचा व्यवहारात एक चांगला उपयोग होतो. 'बरे वाटत नाही' असे कोणी म्हणाले, तर त्यांपैकी नेमका कोणता पैलू निखळला आहे हे शोधावे. निवृत्त झालेल्या माणसाचा बहुधा उद्देश हरवलेला असतो. बाळंतिणीला दिवसातला एकही तास स्वतःच्या मर्जीने घालवता येत नसतो. विस्थापिताच्या हातून परिस्थितीवरची पकड पूर्णपणे सुटलेली असते. किशोरवयीन मुलाला आरशातले रूप आणि स्वतःचा स्वभाव, दोन्ही नकोसे झालेले असतात. वरवर पाहता चौघेही उदास दिसतात. पण निवृत्ताला विश्रांती सुचवणे आणि बाळंतिणीला नवे काम हाती घ्यायला सांगणे, या दोन्ही गोष्टींनी त्रास वाढेल.

आधी अंदाज घ्यावा

ताप मोजल्याशिवाय आपण औषध देत नाही; मनाच्या बाबतीत मात्र केवळ चेहऱ्यावरून निष्कर्ष काढतो. त्याऐवजी एक साधे साधन वापरता येते. १९९८ पासून प्रचारात असलेल्या 'डब्ल्यूएचओ-५' या प्रश्नावलीत फक्त पाच विधाने आहेत आणि ती मागच्या दोन आठवड्यांविषयी आहेत: मन प्रसन्न होते का, शांत आणि निवांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजेतवाने होऊन जाग आली का आणि रोजच्या दिवसात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का. प्रत्येक विधानाला 'कधीच नाही' म्हणजे ० पासून 'सतत' म्हणजे ५ पर्यंत गुण द्यायचे, बेरीज करायची आणि तिला ४ ने गुणायचे. उत्तर ० ते १०० च्या दरम्यान येते आणि ५० किंवा त्याहून कमी आले, तर अधिक बारकाईने पाहण्याची गरज आहे असे समजतात. हे निदान नव्हे, हे मुद्दाम सांगतो. पण दर महिन्याला एकदा हे गुण वहीत लिहून ठेवले, तर घसरण सुरू झाल्याचे आपल्याला आधीच दिसते. एरवी ती खूप उशिरा लक्षात येते. या प्रश्नावलीत आजाराविषयी एकही प्रश्न नसल्यामुळे ज्यांना 'मानसिक' या शब्दाचाच धाक वाटतो, तेही ती संकोचाशिवाय भरतात.

साध्या दिवसांतली तयारी

संकटात माणसाला जे तारते, ते बहुतेक वेळा संकटाच्या आधीच जमवलेले असते. त्यामुळे घरात काहीच अडचण नसते, तेव्हाच हे काम करायचे असते.

पहिले काम झोपेचे. प्रौढांना साधारण सात तास किंवा त्याहून अधिक झोप लागते. रात्री झोप कधी लागेल हे आपल्या हाती नसते. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. म्हणून उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही, आणि जागे झाल्यावर लवकरात लवकर उजेडात यावे. दुसरे काम हालचालीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सुचवलेले किमान प्रमाण आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे. ज्याला उदासीने घेरले आहे, त्याला मात्र ही आकडेवारी सांगू नये. दाराबाहेर जाऊन पाच मिनिटांत परत यायला सांगावे. नैराश्यावरील एका परिणामकारक उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे: इच्छा होण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती करायची, कारण खिन्न मनात इच्छा अगोदर येत नाही, ती कृतीच्या मागून येते.

तिसरे काम नात्यांचे, आणि यावर मी जरा थांबणार आहे. १४८ अभ्यासांमधल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांची सामाजिक नाती बळकट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. तरीही नाती 'आपोआप टिकतात' असे आपण धरून चालतो. ती टिकवण्यासाठी वेळ आणि दिवस ठरवून ठेवावा लागतो. आठवड्यातल्या एका ठरावीक दिवशी एका माणसाला फोन करायचा, महिन्यातून एकदा कोणाला तरी प्रत्यक्ष भेटायचे आणि वर्षातून एकदा, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याची चौकशी करायची, एवढे जरी पाळले तरी फरक पडतो. शिवाय एक कागद करून ठेवावा. रात्री दोन वाजता ज्यांना उठवता येईल अशा दोन माणसांची नावे, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, चालू औषधे आणि आपल्याला शांत करणाऱ्या तीन-चार गोष्टी त्यावर लिहाव्यात. घाबरलेल्या अवस्थेत स्मरणशक्ती दगा देते, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

टप्प्यानुसार काय बदलते

मुले दुःख शब्दांत सांगत नाहीत, ती वागण्यातून सांगतात. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला सोडत नाही किंवा पोट दुखते म्हणून शाळा टाळते. किशोरवयात तेच दुःख चिडचिड, एकलकोंडेपणा आणि उलटसुलट झोप या रूपांत दिसते. आयुष्यात पुढे आढळणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात १४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. 'वयाचा परिणाम आहे, सुटेल' असे म्हणून वाट पाहत बसणे म्हणूनच महागात पडते. मुलाला समोर बसवून 'काय झाले ते सांग' असे विचारले की ते गप्प होते. त्याच्याबरोबर चालताना, भाजी निवडताना किंवा वाहनातून जाताना, म्हणजे नजरेला नजर न देता बोलण्याची सोय असेल तेव्हा विचारावे. त्याने काही सांगितले, तर पहिल्या पाच मिनिटांत उपाय सुचवू नये, फक्त ऐकावे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे हे पुष्कळ स्त्रियांना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा आपण आई म्हणून नालायक आहोत असा विचार पाठ सोडेना, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा संभव मानावा. जगभरात बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, गाठतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तपासणीसाठी १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची 'एडिंबरा' प्रश्नावली दवाखान्यांत वापरली जाते. घरच्यांनी करण्यासारखी सर्वांत मोठी मदत म्हणजे रात्रीच्या एखाद्या वेळी बाळाला सांभाळून आईला सलग चार-पाच तास झोपू देणे. 'आता तर आनंदी असायला हवे' हे वाक्य मात्र त्या काळात तिच्या कानावर पडू देऊ नये.

वृद्धांचे नैराश्य अनेकदा अंगदुखी, भूक मंदावणे आणि विसरभोळेपणा यांच्या आड लपते, त्यामुळे ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकले जाते. ऐकू न येणे किंवा कमी दिसणे ही माणूस एकटा पडण्याची खरी कारणे असू शकतात, म्हणून आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. वृद्धाला जपण्याच्या नादात त्याच्या हातातली सर्व कामे काढून घेणे ही प्रेमापोटी होणारी चूक आहे. त्याच्यावर खरोखर अवलंबून असलेले एखादे काम त्याच्याकडे राहू द्यावे.

कामावर जाणाऱ्यांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच सांगतो: ताण केवळ कामाच्या भारामुळे येत नाही. भार मोठा आणि निर्णयाचा अधिकार नाही, अशी जोडी जमली की तो बाधतो. वरिष्ठाने ध्यानधारणेचा वर्ग भरवण्याआधी आपल्या माणसांना कामाचा क्रम आणि वेळ ठरवण्याची थोडी मोकळीक द्यावी.

आणि ज्यांची कोणी चौकशीच करत नाही, ते म्हणजे दीर्घ आजारी किंवा अपंग माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारे घरातले लोक. भेटायला येणारा प्रत्येक जण रुग्णाची विचारपूस करतो. शुश्रूषा करणारी व्यक्ती चहा करून देते आणि तिच्याकडे कोणी पाहतही नाही. तिला 'काही लागले तर सांग' असे म्हणू नये, कारण ती सांगणार नाही. 'शनिवारी चार ते सात मी येऊन बसतो, तू बाहेर जाऊन ये' असे दिवस आणि तास सांगून म्हणावे आणि ठरल्याप्रमाणे जावे. तिच्या मनात अधूनमधून चीड आणि 'हे संपावे' असा विचार येत असेल, तर तो थकव्याचा आवाज आहे. त्यासाठी तिला अपराधी वाटू देऊ नये.

संकट आल्यावर पहिले काही दिवस

भूकंप, पूर, आग, अपघात, हिंसाचार किंवा अचानक झालेला मृत्यू अशा प्रसंगी वर सांगितलेले बरेचसे बाजूला ठेवावे लागते. मनातले खोदून काढण्याची ही वेळ नव्हे. जे घडले ते सविस्तर सांगायला लावून एका बैठकीत 'मन हलके' करण्याची पद्धत एके काळी सर्रास वापरली जात असे. पुढे तपासल्यावर तिचा फायदा दिसला नाही आणि काही जणांना तिने अपायही केला, म्हणून आता ती सुचवली जात नाही. तसेच पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिची कृती पाहा, ऐका आणि जोडून द्या या तीन शब्दांत मावते आणि त्यासाठी मानसोपचारांची पदवी लागत नाही.

पाहायचे म्हणजे आधी जागा सुरक्षित आहे का, कोणाला तातडीच्या उपचारांची गरज आहे का आणि कोण अगदी सुन्न किंवा अनावर अवस्थेत आहे हे टिपायचे. मग शांतपणे जवळ जाऊन आपले नाव सांगायचे, 'आता तुम्हाला सर्वांत आधी कशाची गरज आहे?' असे विचारायचे आणि जे सांगितले जाईल ते ऐकायचे. उत्तर बहुधा भावनांविषयी नसते. पाणी, कोरडे कपडे, औषधाची गोळी, मुलाचा ठावठिकाणा किंवा फोनला चार्जिंग अशी ती गरज असते आणि ती भागवणे हीच त्या घटकेची मानसिक मदत होय. तिसरी पायरी त्या माणसाला त्याच्या आप्तांशी, खात्रीच्या माहितीशी आणि पुढच्या सेवेशी जोडून देण्याची आहे. नुसता पत्ता हातात देऊन निघून जाऊ नये. शक्य असेल तर तिथवर सोबत जावे.

माणूस थरथरत असेल, श्वास जोरात चालला असेल, तर पाय जमिनीवर टेकवून बसायला सांगावे, आजूबाजूला दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावावे आणि आपण स्वतः सावकाश श्वास सोडत राहावे, म्हणजे त्याचाही श्वास हळूहळू आपल्या गतीवर येतो. स्पर्श विचारल्याशिवाय करू नये. 'जे होते ते चांगल्यासाठीच', 'तुम्ही तरी वाचलात', 'मला समजते तुमचे दुःख' ही वाक्ये टाळावीत. 'मी इथेच आहे' एवढे पुरते, आणि जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. 'तुमचा मुलगा नक्की सापडेल' असे खात्री नसताना म्हणणे हे क्रौर्य ठरू शकते.

२००७ साली या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने मोठ्या आपत्तीनंतरच्या मदतीची पाच उद्दिष्टे एकमताने मांडली: सुरक्षिततेची जाणीव, शांतपणा, आपण आणि आपला समूह काही करू शकतो हा विश्वास, आपसांतला दुवा आणि आशा. यातले तिसरे मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. निवारा केंद्रात लोकांना नुसते रांगेत बसवून ठेवले की ती माणसे मनाने अधिक खचतात. त्यांनाच स्वयंपाक, मुलांचे खेळ, यादी लिहिणे अशी कामे वाटून दिली की सावरतात. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या आंतरसंस्था स्थायी समितीच्या त्याच वर्षी आलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मदतीची उतरंड एखाद्या पिरॅमिडसारखी दाखवली आहे. तळाशी सर्वांसाठी अन्न, निवारा आणि सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचे आधार, मग काही जणांसाठी प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत आणि अगदी टोकाला थोड्यांसाठी तज्ज्ञांचे उपचार. तळ कच्चा ठेवून टोकावर समुपदेशक नेमण्याचा मोह टाळायला हवा.

मुलांना संकटात कुटुंबापासून वेगळे करू नये. काय घडले ते त्यांच्या वयाला पेलेल अशा खऱ्या शब्दांत सांगावे. मृत माणूस 'झोपला आहे' असे सांगितले, तर मूल स्वतः झोपायला घाबरू लागते. तेच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारते, त्यावर तेच उत्तर न कंटाळता द्यावे. दुर्घटनेची दृश्ये पडद्यावर सतत चालू ठेवू नयेत, कारण लहान मुलाला प्रत्येक वेळी ती घटना नव्याने घडते आहे असे वाटते. अपंग व्यक्तीला तिची काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची आणि तिची भाषा समजणारा माणूस लवकर मिळवून द्यावा, म्हणजे तिच्या निम्म्या भीतीचे कारण दूर होते. आणि बचावकार्य करणाऱ्यांनी दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात, एकमेकांचे जेवण आणि झोप यांवर लक्ष ठेवावे आणि ठरलेली पाळी संपली की खरोखर थांबावे.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

आघातानंतर दचकणे, वाईट स्वप्ने आणि घटना डोळ्यांपुढे येणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे आणि बहुतेक लोक आप्तांच्या आधाराने सावरतात. ही लक्षणे एक महिन्यानंतरही तशीच राहिली आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ यांना भेटावे. जवळजवळ दिवसभर टिकणारी उदासी किंवा कशातच रस न वाटणे सलग दोन आठवडे चालू असेल, तरीही थांबू नये. शोकाला मात्र घाई करू नये; आप्त गेल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, तरी ओढ आणि वेदना जराही सैल न होता जगणे ठप्प झाले असेल आणि ते आपल्या समाजात मान्य असलेल्या दुखवट्याच्याही पलीकडे गेले असेल, तेव्हाच त्याचा विकार म्हणून विचार होतो.

एका बाबतीत मात्र एक दिवसही थांबायचे नाही. 'मी नसलेलाच बरा' असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, खूप अस्वस्थतेनंतर अचानक शांत होणे असे काही दिसले, तर 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट कोणीतरी बोलायला वाट दिली म्हणून माणसाला सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला एकटे सोडू नये, विषारी औषधे, गोळ्या आणि हत्यारे त्याच्या आवाक्याबाहेर न्यावीत आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. हे गुपित ठेवण्याचे वचन द्यायचे नाही.

शेवटी एक गोष्ट राहते. संकटानंतर पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेले असते, मग येणारे कमी होतात आणि दुःख खरे जाणवू लागते ते त्यानंतर. म्हणून आपल्या वहीत तीन तारखा लिहून ठेवाव्यात: घटनेनंतरचा दुसरा महिना, सहावा महिना आणि वर्ष पूर्ण होण्याचा दिवस. त्या दिवशी सकाळी फोन करावा, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे आणि 'संध्याकाळी येऊ का?' असे विचारावे.